तांबोपालची एकोणीस जिवंत माणसं

आमच्या तांबोपालमध्ये माणूस मेला तरी वर्षभर तो मेला असं कुणी म्हणत नाही. त्या वर्षात तो आपली पावलं गोळा करत फिरत असतो. जन्मापासून जिथे जिथे पाऊल टाकलं तिथे जायचं, ते उचलायचं, पिशवीत टाकायचं. या कामात असताना कुणी ‘मेला’ असा शब्द काढला तर तो दचकतो, पिशवी तिथेच टाकून निघून जातो, आणि मग न उचललेल्या पावलांवरून घरातलीच माणसं घसरून पडतात. म्हणून चर्चमध्ये त्याच्या नावाची वर्षाची मिसा, म्हणजे वर्षश्राद्धासारखी प्रार्थना, होईपर्यंत जेवणवेळेला त्याचं ताट वाढायचं आणि बाहेरच्याने विचारलं तर सांगायचं, “बरा आहे. बटाट्याच्या शेतात गेलाय.” माझे आन्सेल्मोमामा खेचरं हाकत पार इक्वाडोरपर्यंत जायचे. त्यांना पावलं गोळा करायला दोन वर्षं लागली आणि मामीने दोन वर्षं ताट वाढलं. दुसऱ्या वर्षी ताटातलं अन्न खरंच संपायला लागलं, असं मामी सांगायची. शेजारचा विधुर त्या वर्षी चांगलाच बाळसेदार झाला, असं बाकीचे सांगायचे.

मी लेओविहिल्दो कुआस्तुमाल. सतराव्या वर्षी डोंगर उतरून शहरात आलो, सरकारी इस्पितळात झाडू मारायला लागलो आणि दोन वर्षांत कापाकापीच्या खोलीत पोचलो. तिथेच एक्केचाळीस वर्षं गेली. सर्जन पोटातून जे काढतो त्याचा तुकडा माझ्याकडे यायचा. मी तो मेणात बसवायचो, मेणाचा ठोकळा यंत्रात अडकवायचो आणि त्याचे इतके पातळ काप काढायचो की पाण्यावर टाकले तर पाण्यालाही कळू नये. काचेवर घेतले, रंग दिला, डॉक्टरांकडे पाठवले. ठोकळा मात्र माझ्याकडेच राहायचा, लाकडी खणात, कडेला माझ्या अक्षरात नंबर घालून. अख्ख्या डोंगराची जठरं माझ्या खणात आहेत. आमच्याकडे जठराचाच रोग. खाली समुद्राकाठी तो फारसा होत नाही, आम्हाला वर होतो. का होतो, हे सांगणारे अकरा तज्ज्ञ मी ऐकले. कुणी म्हणालं पाणी, कुणी धूर, कुणी मीठ, कुणी जंतू, कुणी रक्त. अकराही जण जेवणाच्या सुट्टीत आमचं खारवलेलं डुक्कर मागून मागून खायचे.

बारावे आले ते प्रोफेसर अरिझ्मेंदी, बोगोटाहून. त्यांना कारण शोधायचंच नव्हतं. ते म्हणाले, “लेओ, प्रत्येक गाठीत हजारो जनुकं असतात, पण सगळी सारखी चालत नाहीत. काही ओरडतात, काही कुजबुजतात, काही झोपलेली असतात. कुणाची गाठ कशी बोलत होती आणि तो माणूस पुढे जगला की मेला, हे दोन्ही शेजारी शेजारी मांडलं की यंत्र शिकतं. मग नवा रोगी आला, त्याची गाठ ऐकली, की आधीच सांगता येईल: याला नुसती सुरी पुरेल, की वर केमोही द्यावी लागेल.”

मला ते पटलं. केमोने माणसाची काय दशा होते ते मी पाहिलं होतं. ज्याला गरज नाही त्याला ती द्यायची नाही, आणि ज्याला गरज आहे त्याला चुकवायची नाही, यात वाईट काय?

गाठी माझ्या खणात होत्याच. जगला की मेला, हे मात्र वर जाऊन विचारायला हवं होतं. शस्त्रक्रियेला दीड वर्ष झालं की प्रत्येकाच्या घरी एकदा जायचं आणि वहीत लिहायचं. प्रोफेसरांनी एकदा स्वतः प्रयत्न केला. तांबोपालच्या अलीकडच्या वळणावर विरळ हवेने त्यांचे ओठ असे निळे पडले की पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायचं तेल घेऊन बाहेर आले. तेव्हापासून वही माझ्याकडे.

पहिलंच घर फ्लोरो पिआर्पुसानचं. दारात त्याची बायको मक्याचे दाणे सोलत बसलेली. आत टेबलावर चार ताटं. थोरली सून आणि दोन पोरं अशी तिघं जेवत होती, चौथ्या ताटातले बटाटे वाफाळत होते आणि त्यांच्यासमोरची खुर्ची रिकामी.

“फ्लोरो कसा आहे?” मी विचारलं.

“बरा आहे. शेतात गेलाय.”

“आल्यावर सांगा, इस्पितळातून लेओ येऊन गेला.”

“सांगते,” ती म्हणाली, आणि सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी तांबोपालचा. ताट कशाचं ते मला कळतं, हे तिला माहीत होतं. “तू काय लिहितोयस त्यात?”

मी पेन हातात धरून उभा होतो. एक शब्द लिहायचा होता. आत फ्लोरोची दोन पोरं चमचे थांबवून माझ्या हाताकडे बघत होती. मी लिहिलं, ‘जिवंत’.

माझा हातच वळला नाही, दुसरं काही नाही. मी शहरात राहतो, काचेखाली रोज पेशी बघतो, पावलांची पिशवी वगैरे मी मानत नाही. पण त्या दारात उभं राहून ‘मेला’ लिहिणं म्हणजे त्या पोरांच्या देखत ताटाला लाथ मारणं. मग दुसरं घर, मग पलीकडची वस्ती, मग कड्यावरची. त्या कड्यावरच्या चार वस्त्यांत मी असे एकोणीस जण जिवंत केले. येशूनेही तीनच केले होते. अगदीच बेजबाबदारपणे मात्र नाही हं. वहीच्या पुठ्ठ्यात एक चिठ्ठी ठेवली होती, त्यावर एकोणीस नावं. एकेकाची वर्षाची मिसा झाली की त्या त्या नावापुढचा शब्द खोडून खरा लिहायचा. डिसेंबरपर्यंत सगळ्या मिसा होणार होत्या आणि वही डिसेंबरमध्येच जायची होती.

प्रोफेसर ऑगस्टमध्ये आले. परदेशातल्या कुठल्या परिषदेची तारीख पुढे सरकली होती. मी रजेवर होतो, मित्राच्या मुलीच्या लग्नात हरभऱ्याएवढा एकच बटाटा पाचशे माणसांना पुरवल्याची थाप रंगवत होतो. ते वही घेऊन गेले. चिठ्ठी त्यांना सापडली असेल, पण नुसती नावं बघून माणसाला काय कळणार.

फोन करायला हवा होता. मी केला नाही. दिवस गेले, लेख छापून आला, शेवटी आभाराच्या ओळीत बारीक अक्षरांत माझं नाव होतं. इस्पितळाने ते पान चौकटीत घालून माझ्या खोलीत लावलं, डायरेक्टरसाहेबांनी केक कापला. केक खाताना कुणी म्हणतं का, की एकोणीस मढी जिवंत लिहिली आहेत? मी मनाला सांगितलं, तीनशेत एकोणीस, काय फरक पडतो.

फरक पडायचा होता तो असा. कड्यावरची माणसं एकमेकांचीच. पिढ्यानपिढ्या आपसांत लग्नं, एकच झरा, एकच धूर. त्यांच्या गाठी एकसारख्या बोलायच्या. त्या बोलीच्या गाठी सगळ्यात वाईट, वर्षा-दीड वर्षात माणूस खाणाऱ्या. आणि माझी वही यंत्राला सांगत होती, अशी बोली ऐकलीस तर घाबरू नकोस, ही माणसं बटाट्याच्या शेतात आहेत. यंत्र प्रामाणिक. जे सांगितलं ते शिकलं.

मग चाचणी सुरू झाली. चौदा जनुकं मोजायची आणि कागद छापायचा. लाल कागद म्हणजे केमो, हिरवा म्हणजे घरी जा. पुढच्या दोन वर्षांत कड्यावरचे सहा जण हिरवा कागद घेऊन हसत घरी गेले. मी खोलीच्या खिडकीतून त्यांना बसमध्ये चढताना पाहिलं. मोजतही होतो. बोललो मात्र नाही. ते इथेच लिहितो, कारण पुढे जे घडलं त्यात माझी दया यायला लागेल, आणि ती येऊ नये.

सातवी माझी बहीण एर्मिला.

एर्मिला माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. आई गेल्यावर घर तिने धरलं, लग्न केलं नाही. रविवारी बाजाराच्या रस्त्यावर कुय, म्हणजे आमच्याकडचे खायचे गिनीपिग, भाजायची. चुलीमागे चाळीस-पन्नास कुय कायम किचकिचत असायचे आणि त्यातला कुठला कधी भाजायचा हे तिला त्यांच्या डोळ्यांवरून कळायचं. कड्यावरच्या प्रत्येक बाळंतिणीने तिचा रस्सा प्यायला आहे, पैसे न देता. जेवण अडकायला लागलं तेव्हा तिने सहा महिने मला सांगितलं नाही. सर्जनने जठराचा दोन तृतीयांश भाग काढला. तुकडा माझ्याच टेबलावर आला. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझे काप जाड आले.

तीन आठवड्यांनी डॉक्टर योलिमा बेनाविदेस नाचतच माझ्या खोलीत आली. कर्करोगाच्या विभागात ती नवी, पोरगेलीशी, पण हुशार. आणि मनमिळाऊ.

“लेओकाका, हिरवा! आता कुय भाजा, मोठा बघून!”

“तो कागद खोटा आहे, डॉक्टरीणबाई.”

“हो का? आणि तो मेणाचा ठोकळा, ज्यातून रात्रपाळीला शिट्टी ऐकू यायची, तो?”

“ती थाप होती.”

“आणि तुमचा काप इतका पातळ, की त्यातून उद्याचं वर्तमानपत्र वाचता आलं?”

“तीही थापच.”

“मग ही?”

“ही नाही.”

मी सगळं सांगितलं. वही, ताटं, पावलं, एकोणीस. ती टेबलाला टेकून ऐकत होती आणि मी जसजसा पुढे गेलो तसतसे तिचे डोळे हसायला लागले. पावलांच्या पिशवीपाशी ती फुटलीच. “काका, काका, पुरे. तुमचा जीव बहिणीत अडकलाय, कळतं मला. बरं, तुमच्या समाधानासाठी पुन्हा तपासू.” तिने खिशातून फॉर्म काढला, ‘फेरतपासणी’वर खूण केली, सही ठोकली आणि माझ्या हातात दिला. “घ्या. नवे काप काढा, पाठवा. लाल आला तर दुसऱ्या दिवशी केमो लावते. मग तर झालं?”

ती गेली. मी खण उघडला.

एर्मिलाचा ठोकळा वरच होता. त्याच्या शेजारी गाडीवान रोसेरोचा. रोसेरो खालच्या उष्ण खोऱ्यातला, त्याचा कागद लाल आलेला, केमोचं तिसरं सलाइन चालू होतं आणि बरा होता. दोन्ही ठोकळे सारखेच, अंगठ्याच्या पेराएवढे, मेणाचे. फरक काय तो कडेच्या नंबरांचा, आणि नंबर माझ्याच अक्षरात. रोसेरोचे चार काप काढायचे, काचेवर एर्मिलाचं नाव घालायचं, पाकीट बंद. माझे काप चाळीस वर्षांत कुणी उलटून पाहिले नव्हते. रोसेरोचं काही बिघडलं नसतं. त्याच्या मेणात चार केसांची जाडी कमी झाली असती.

दोन्ही हातांत दोन ठोकळे घेतले. आणि मला काय झालं ते सांगतो: मला खरेपणाची हौस आली. जन्मभर माझ्यावर सगळे हसले, ते मला आवडायचं. पण त्या दिवशी त्या पोरीच्या हसण्याने मला झोंबलं. वाटलं, नाही. जे खोट्याने सुरू झालं ते आता खोट्याने मिटवायचं नाही. हे प्रकरण सरळ उभं करायचं, सगळ्यांनी ऐकायचं, त्या सहा जणांचंही व्हायला हवं. असं काहीतरी भारदस्त मी मनाशी म्हणालो, चर्चमध्ये नवा कोट घालून उभं राहिल्यासारखा.

रोसेरोचा ठोकळा खणात परत ठेवला. एर्मिलाचे काप काढले, या वेळी सुरेख आले. अठरा दिवसांनी उत्तर आलं. हिरवा.

एर्मिलाने पहिला हिरवा कागद स्वयंपाकघरात सान रोके या संताच्या तसबिरीशेजारी टाचला होता. मी दुसराही घेऊन गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती कुयांसाठी गवत निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, “म्हणजे कागद सांगतो मी जगणार, आणि तू सांगतोस मरणार.”

“औषध घेतलंस तर नाही.”

“तुझं एक वाक्य खरं निघालेलं मला आठवत नाही, दादा.”

“एर्मिला...”

“घेईन. तू म्हणतोस म्हणून नाही. तुझा चेहरा पडलाय म्हणून. थापा मारताना तू गुलाबी होतोस, आज पिठासारखा दिसतोयस. काय करायचं ते कर, पण लवकर कर.”

योलिमाने आधीच सांगून ठेवलं होतं: शस्त्रक्रियेनंतर केमो द्यायचीच असेल तर आठ आठवड्यांत, फार ओढलं तर बारा. त्या दिवशी सातवा संपत होता.

पुरावा हवा होता. तांबोपालच्या चर्चच्या किल्ल्या आणि मिसांची वही त्रान्सितोबाईकडे असते. वय नव्वदीच्या आसपास, दात तीन, जीभ पुरेपूर. मी दारात दिसलो तेव्हा ती उन्हात पाय पसरून बसली होती.

“आलास? तुझ्या थापा संपल्या वाटतं, आता मेलेल्यांच्या उचलायला आलायस.”

“मिसांची वही दे, मावशी. सहा वर्षांपूर्वीची.”

“कशाला?”

मी सांगितलं. ती ऐकत होती, मध्येच खाली थुंकत होती. शेवटी म्हणाली, “सहा वर्षं कुठे होतास?”

मी किल्लीसाठी हात पुढे केला.

“मी सांगते. तेव्हा एर्मिलाचं पोट दुखत नव्हतं. फ्लोरोच्या थोरल्या सुनेला तुझा हिरवा कागद मिळाला, तेव्हा तू खिडकीतून हात हलवलास म्हणे. पोरगी घरी येऊन सांगत होती, लेओकाकाने हात केला, म्हणजे सगळं ठीक असणार.” तिने कमरेची किल्ली काढली. “आज तिचं ताट वाढतात. जा, वही वरच्या फळीवर आहे. दारातून वाकून जा, डोकं आपटेल. आपटलं तरी हरकत नाही.”

वहीत एकोणीसच्या एकोणीस होते, मरणाची तारीख आणि वर्षाच्या मिसेची तारीख, त्रान्सितोबाईच्या ठसठशीत अक्षरात. मी ती योलिमासमोर ठेवली. शेजारी लेखाची यादी ठेवली, त्यातले नंबर आणि माझ्या खणातली नावं जुळवून. ती हसायच्या तयारीनेच बसली होती. तिसऱ्या नावाला हसू गेलं. दहाव्या नावाला तिने खुर्ची पुढे ओढली. एकोणिसाव्यानंतर तिने वही मिटली.

“काका,” ती म्हणाली, “गेल्या दोन वर्षांत मी स्वतः चार जणांना घरी पाठवलंय.”

“मला माहीत आहे.”

“तुम्हाला माहीत आहे!” ती ओरडली. मग एकदम हळू आवाजात, “तुम्ही पहिल्या दिवशी सांगितलंत आणि मी हसले.”

तिने तिथल्या तिथे केमोची चिठ्ठी लिहिली. अरिझ्मेंदींना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर दोनच ओळींचं आलं: समिती नेमली आहे, निष्कर्ष येईपर्यंत चाचणी आहे तशीच चालू राहील.

औषध मात्र चिठ्ठीने मिळत नाही, विमा कंपनीच्या मंजुरीने मिळतं. कंपनीचं ऑफिस बाजारात, चपलांच्या दुकानावर. खिडकीमागे एक तरुण माणूस, केस चापून बसवलेले, बोलणं अतिशय गोड.

“आजोबा, तुमच्या बहिणीचा कागद हिरवा आहे. दोनदा हिरवा आहे. हिरव्याला औषध मंजूर करायचं म्हणजे तिच्या जिवाशी खेळच नाही का? औषध विषारी असतं.”

“चाचणी चुकीची आहे. ही बघा एकोणीस माणसं, यात जिवंत आहेत, इथे मेलेली आहेत.”

त्याने वही उलटीसुलटी पाहिली. “ही तर चर्चची वही. आम्हाला निबंधकाचे मृत्यूचे दाखले लागतात. ते आणा, मी स्वतः पुढे पाठवतो.”

तांबोपालमध्ये मृत्यूची नोंद कोण करतो? वर्षभर शब्द काढायचा नाही, आणि वर्षानंतर त्यासाठी कोण डोंगर उतरणार? एकोणिसांपैकी एकाचाही दाखला नव्हता. सरकारच्या लेखी सगळे धडधाकट होते.

मी घरोघर गेलो. नाही कुणीच म्हणालं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतं, एर्मिलाच्या रश्शासाठी होतं. बटाट्यांचा ट्रक रिकामा करून त्यात बाकं टाकली, एकोणीस घरांची माणसं आणि सगळ्यांत मिळून चार-पाच साक्षीदार असे सगळे निबंधकाकडे उतरलो. निबंधक म्हणजे चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. त्याने पहिलं नाव घेतलं.

“फ्लोरो पिआर्पुसान. मृत्यू कधी?”

“सहा वर्षं होऊन गेली, सप्टेंबरात,” बायको म्हणाली.

त्याने यंत्रात पाहिलं. “बाई, मरणाची तारीख सप्टेंबरची सांगताय. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यातल्या निवडणुकीत यांनी मत दिलंय.”

“त्याला जिथे जिथे जायची सवय होती तिथे जावंच लागलं असेल, साहेब.”

मागे सगळे हसले. निबंधक हसला नाही. तिघा मेलेल्यांनी मतदान केलेलं निघालं, त्यांची प्रकरणं चौकशीला गेली. बाकीच्यांसाठी उशिराच्या नोंदीचा फॉर्म हवा होता, तो संपला होता, प्रांताच्या गावाहून यायचा होता. एक साक्षीदार दोनपेक्षा जास्त मेलेल्यांना चालत नव्हता. आम्ही परत गेलो, पुन्हा आलो. मग त्या आठवड्यात सणाची सुट्टी, पुढच्या आठवड्यात दरड. योलिमा रोज फोन करायची आणि आठवड्याचा आकडा सांगायची. दहा. बारा. तेराव्यानंतर तिने आकडा सांगणं सोडलं.

सोळा दाखले मिळाले. गोड बोलणाऱ्याने ते पुढे पाठवले. पुढून प्रश्न आला, बाकीचे तीन कुठे?

मंजुरी आली तेव्हा तेविसावा आठवडा होता. केमो सुरू करण्याआधी योलिमाने स्कॅन काढला. यकृतावर चार डाग आणि पोटाच्या अस्तरावर मोजायचं सोडून द्यावं इतके.

“आता केमोने काय होईल?” एर्मिलाने तिला विचारलं. मी शेजारीच होतो.

“काही महिने, मावशी. बरी नाही करणार.”

“आणि वेळेत मिळाली असती तर?”

योलिमाने माझ्याकडे पाहिलं नाही. “शक्यता होती. चांगली होती. पहिल्या दिवशी मी लेओकाकांना फेरतपासणीचा फॉर्म दिला, तेव्हाच मी त्यांचं ऐकायला हवं होतं. चूक माझी आहे.”

पहिल्या सलाइनसाठी आम्ही विभागाच्या बाहेर बाकावर बसलो. एर्मिलाने घरून गुळाचं गरम पाणी आणलं होतं, झाकणात ओतून मला दिलं. स्वतः घेतलं नाही. आत खुर्ची रिकामी व्हायची होती.

“दादा,” ती म्हणाली, “फेरतपासणी म्हणजे काय रे?”

“गाठीचे पुन्हा चार काप काढून पाठवायचे.”

“कुणी काढले?”

“मी.”

“तपासतं का कुणी, कुठल्या ठोकळ्याचे काढलेत ते?”

 

“नाही,” मी म्हणालो.

“आणि तिथे दुसरे ठोकळे होते. लाल आलेल्यांचे.”

“होते.”

“हातात घेतला होतास?”

“घेतला होता.”

तिने झाकण माझ्या हातातून घेतलं, उरलेलं पाणी कुंडीत ओतलं, बाटलीला नीट फिरवून बसवलं. तिच्या हातांना घाई नव्हती. कुय सोलतानाही नसायची.

“फ्लोरोच्या बायकोला वाईट वाटू नये म्हणून तू खोटं लिहिलंस,” ती म्हणाली. “त्या कड्यावरच्या येड्या मेल्किसेदेकच्या घरासाठी लिहिलंस, ज्याने तुझ्यावर कुत्रा सोडला होता. एकोणीस परक्यांसाठी लिहिलंस. माझ्या वेळी चार काप होते.”

“मला वाटलं, खरं...”

“तुला काय वाटलं ते मला सांगू नकोस. खरं बोलून तुला चांगलं वाटत होतं, हे मला आज कळलं. तेव्हा मी समजले तू घाबरलायस.”

आतून परिचारिकेने हाक मारली, “एर्मिला कुआस्तुमाल!” ती उठली. मी आधार द्यायला हात पुढे केला. तिने त्या हातात बाटली ठेवली, भिंतीला धरून सरळ झाली आणि आत जाता जाता परिचारिकेला म्हणाली, “माझ्याबरोबर कुणी नाही. दार लावून घ्या.”